एका नसेमुळे चेहरा, कान, जीभ आणि डोळा एकदम कसे बिघडतात?

डिचोलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या थोरल्या बहिणीचे वय 44, त्या शाळेत शिक्षिका आहेत आणि मधुमेहाची एक गोळी चालू आहे. रविवारी दिवसभर त्यांच्या उजव्या कानामागे ठणकत होते. सोमवारी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळू लागले. आरशात पाहिले तेव्हा तोंड डावीकडे ओढलेले दिसले आणि उजवा डोळा मिटेना. दुपारपर्यंत उजव्या कानाला भांड्यांचा आवाज सोसेनासा झाला, चहा पाणचट लागू लागला आणि त्याच डोळ्यातून पाणी वाहू लागले. डॉक्टरांनी नीट तपासून ‘मेंदूचे काही नाही, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे’ असे सांगितले आणि स्टेरॉइडच्या गोळ्या व डोळ्यांत घालायचे थेंब दिले. एमआरआय मात्र सांगितला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मते अंगावरून वारे गेले आहे आणि वेळ न दवडता बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायला हवे. भाऊ विचारतात की, एका नसेच्या सुजेने एवढे सगळे एकदम बिघडू शकते का, की डॉक्टरांच्या नजरेतून मेंदूचा आजार सुटला? आणि साखर असताना स्टेरॉइड घ्यावे का?

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. ही नस कानाच्या हाडातून जाते, त्यामुळे कानाची शस्त्रक्रिया करताना तिला सांभाळणे आणि ती दुखावलेल्या रुग्णांवर उपचार करणे, ही दोन्ही कामे आमच्या वाट्याला येतात.

घरच्यांच्या भीतीमागचा विचार समजण्यासारखा आहे. बिघाडाच्या जागा चार, म्हणून आजार मोठा. आणि आजार मोठा, म्हणून तो मेंदूचा. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. चेहरा, कान, जीभ आणि डोळा या चार तक्रारी एकाच बाजूला आणि एकाच वेळी उद्भवणे, हाच बिघाड मेंदूच्या बाहेर, कानाजवळच्या हाडात असल्याचा चांगला पुरावा आहे. मेंदूत या चार कामांची केंद्रे एकमेकांपासून दूर आहेत. ती सगळी एकदम बिघडवणारा आजार एवढ्यावर थांबत नाही, तो हात, पाय, बोलणे किंवा तोल यांपैकी काहीतरी सोबत नेतो. मी ताईंना तपासलेले नाही, त्यामुळे खाली लिहिलेले सारे तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवर आधारलेले आहे. ज्या ठिकाणी तपासणीवाचून बोलता येत नाही, त्या ठिकाणी तसे स्पष्ट सांगतो.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या आहेत आणि चेहऱ्याची नस, म्हणजे फेशियल नर्व्ह, ही त्यांतली सातवी जोडी. तिच्यात सुमारे 10,000 तंतू असतात आणि त्यांपैकी साधारण 7,000 तंतू चेहऱ्याचे स्नायू हलवण्याचे काम करतात. उरलेल्या तंतूंची सुरुवातीला वेगळी बारीक जुडी असते. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव मेंदूकडे नेणे, अश्रुग्रंथीला आणि जबड्याखालच्या व जिभेखालच्या लाळग्रंथींना पाझरण्याचा आदेश देणे, आणि कानाच्या पाळीजवळच्या थोड्याशा त्वचेची संवेदना वाहून नेणे, ही त्या जुडीची कामे. म्हणजे नाव चेहऱ्याचे असले तरी या नसेकडे खाती अनेक आहेत.

ही नस मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागातून निघते आणि श्रवणाच्या व तोलाच्या आठव्या नसेला सोबत घेऊन आतल्या कानाच्या हाडात शिरते. तिथून पुढे सुमारे तीन सेंटिमीटर ती हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. शरीरातली दुसरी कोणतीही नस हाडातून इतका लांब प्रवास क्वचितच करते. बोगद्याच्या तोंडाशी, म्हणजे सर्वांत अरुंद जागी, त्याची रुंदी एक मिलिमीटरसुद्धा नसते. ती सुमारे पाऊण मिलिमीटर असते. हाताच्या किंवा पायाच्या नसेला सूज आली तर तिला आजूबाजूच्या मऊ मांसात फुगायला जागा मिळते. इथे चारही बाजूंनी हाड असल्याने सूज आली की नस स्वतःच्याच सुजेने आवळली जाते, तिचा रक्तपुरवठा मंदावतो आणि त्यामुळे सूज आणखी वाढते. एका रात्रीत चेहरा वाकडा होण्याचे कारण या मोजमापात आहे.

बोगद्यात थोडे पुढे गेल्यावर नस एकदम मागे वळते. त्या वळणावर अश्रुग्रंथीकडे जाणारी पहिली फांदी सुटते. मग नस मध्यकर्णाच्या भिंतीतून जाते आणि पुढे कानामागच्या मॅस्टॉइड हाडात सरळ खाली उतरते. या खालच्या टप्प्यात आधी कानातल्या रिकीब नावाच्या छोट्या हाडाला बांधलेल्या स्नायूची फांदी सुटते आणि त्यानंतर चवीची व लाळेची फांदी सुटते. शेवटी कानाच्या पाळीमागे, मॅस्टॉइडच्या टोकाजवळच्या छिद्रातून नस बाहेर येते, पॅरोटिड या लाळग्रंथीत शिरते आणि तिथे पाच मुख्य शाखांमध्ये विभागून कपाळ, डोळा, गाल, ओठ व मान यांच्याकडे जाते. गंमत अशी की, या ग्रंथीच्या पोटातून ही नस जाते, पण त्या ग्रंथीला लाळ सोडण्याचा आदेश मात्र ती देत नाही. ते काम नवव्या नसेकडे आहे.

म्हापशाहून वाळपईला निघालेली बस अस्नोड्याला, डिचोलीला आणि साखळीला उतारू उतरवत जाते. ती अस्नोड्याच्या अलीकडे बंद पडली तर सगळेच उतारू अडकतात. साखळीच्या पुढे बंद पडली तर फक्त वाळपईचे अडकतात, बाकीचे केव्हाच घरी पोहोचलेले असतात. फेशियल नर्व्हच्या आजाराचे ठिकाण आम्ही याच हिशेबाने ओळखतो. नुसता चेहराच लुळा असेल आणि चव, कान, अश्रू ठीक असतील, तर बिघाड बहुधा हाडाच्या बाहेर किंवा बोगद्याच्या शेवटच्या तुकड्यात आहे. चवही गेली असेल तर तो चवीची फांदी सुटते त्या जागेच्या वर आहे. मोठा आवाज सोसत नसेल तर आणखी वर. ताईंना या तिन्ही गोष्टी झाल्या आहेत, म्हणजे सूज मॅस्टॉइडमधल्या टप्प्याच्या वर, बहुधा त्या पहिल्या वळणाच्या आसपास असावी. बेल्स पाल्सीत, म्हणजे दुसरे कारण न सापडता अचानक येणाऱ्या या नसेच्या लुळेपणात, सूज तिथेच असल्याचे बहुतेक वेळा आढळते. हा हिशेब अगदी काटेकोर नाही. सूज सलग नसते, काही तंतू वाचतात आणि काही दबतात; त्यामुळे पूर्वी अश्रू, लाळ आणि चव मोजून जागा ठरवण्याच्या ज्या चाचण्या केल्या जात, त्यांच्यावर आता फारशी भिस्त ठेवली जात नाही. तरीही ढोबळ दिशा कळायला हा हिशेब पुरेसा पडतो.

आता एकेका तक्रारीकडे पाहू, कारण प्रत्येकीमागे एक वेगळी रचना आहे.

भांड्यांचा आवाज का सोसत नाही? मध्यकर्णात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे आहेत. रिकिबीला एक स्नायू बांधलेला असतो. शरीरातल्या हाडांना बांधलेल्या स्नायूंपैकी हा सर्वांत लहान. मोठा आवाज आला की तो रिकिबीला आवळून धरतो आणि आतल्या कानावरचा आघात कमी करतो. फेशियल नर्व्ह दबली की हा लगाम सुटतो. ताईंच्या कानाला ऐकू कमी येत नाही, उलट जास्त येते. ऐकू येणे खरोखरच कमी झाले असेल, किंवा चक्कर येत असेल, तर तो भाग आठव्या नसेचा आहे. ती तक्रार डॉक्टरांना लगेच कळवावी.

चव नेणारी फांदी तर कानाच्या पडद्याच्या लगेच मागून, हातोडी आणि ऐरण यांच्या मधून उघडीच जाते. कानाची शस्त्रक्रिया करताना पडदा उचलला की दुर्बिणीखाली पांढऱ्या दोऱ्यासारखी ती समोर दिसते. ती जरा ताणली गेली तरी रुग्ण पुढचे काही आठवडे जिभेवर धातूची चव येते म्हणून सांगतात. म्हणजे जिभेची चव कानातून जाते, हे आमच्या रोजच्या पाहण्यातले आहे. ताईंची चव पूर्ण गेलेली नसणार, कारण दुसऱ्या बाजूची नस शाबूत आहे आणि जिभेच्या मागच्या भागाची चव नवव्या नसेकडे आहे. सोलकढीचा एकेक थेंब जिभेच्या टोकाजवळ डावीकडे आणि मग उजवीकडे ठेवून पाहिला, तर त्यांना दोन्ही बाजूंतला फरक जाणवेल. ही तक्रार त्रासदायक आहे, पण बहुतेकांच्या बाबतीत चव चेहऱ्याच्या आधीच परत येते.

डोळ्याच्या पाण्याविषयी मात्र नेहमी गैरसमज होतो. नस दबली तर अश्रू कमी व्हायला हवेत, मग पाणी वाहते कसे? अश्रू नाकाकडे ढकलण्याचे काम पापण्यांची उघडझाप करते. खालची पापणी सैल पडली आणि उघडझाप थांबली की जे काही पाणी आहे ते गालावर ओघळते, आणि बुबुळ मात्र उघड्या हवेत सुकत राहते. रुग्णाला वाटते, डोळा ओला आहे, थेंबांची काय गरज? प्रत्यक्षात हा ओला दिसणारा डोळा कोरडा असतो. थेंब घालण्यात आळस होतो तो इथेच.

कानामागची कळही याच नसेच्या सुजेशी जोडलेली आहे. चेहरा वाकडा होण्याच्या एक-दोन दिवस आधी ती पुष्कळ रुग्णांना असते. कळ फार तीव्र असेल आणि कानावर किंवा कानात बारीक पुरळ वा फोड दिसत असतील, तर गोष्ट वेगळी होते. कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून या नसेच्या वळणावरच्या गाठीत दबा धरून बसलेला असतो आणि तो पुन्हा जागा झाला की अशी फोडांसह पाल्सी येते. रॅमसे हंट या डॉक्टरांनी तिचे वर्णन 1907 साली केले. तिच्यात नस जास्त दुखावते आणि स्टेरॉइडबरोबर विषाणूविरोधी औषधही लागते. फोड कधी कधी चेहरा वाकडा झाल्यानंतर दोन-चार दिवसांनी उठतात, म्हणून पहिला आठवडाभर कानाची पाळी, कानाचे भोक आणि तोंडातला टाळा रोज बॅटरीच्या उजेडात पाहावा.

ही नस काय करत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चेहऱ्याचा स्पर्श पाचव्या नसेकडे आहे. ‘गाल बधिर झाला’ असे बहुतेक रुग्ण म्हणतात, पण कापसाचा बोळा फिरवला की दोन्ही गालांना सारखाच कळतो. गाल जड वाटतो तो हालचाल थांबल्यामुळे. चावण्याचे मुख्य स्नायूही पाचव्या नसेचे. वरची पापणी उचलण्याचे काम तिसऱ्या नसेकडे आहे. म्हणून फेशियल नर्व्हच्या आजारात डोळा उघडाच राहतो, मिटत नाही. पापणी खाली लोंबली असेल आणि उघडत नसेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, किंवा गालाला टोचलेले खरोखरच कळत नसेल, तर आजार या नसेपुरता नाही आणि तपासणीची दिशा बदलते.

आता तुमच्या घरातल्या मुख्य वादाकडे येतो. मेंदूचा झटका आणि या नसेचा आजार यांतला फरक पाहण्यासाठी डॉक्टरांनी ताईंना कपाळाला आठ्या घालायला नक्की सांगितले असेल. तोंडाचे खालचे स्नायू मेंदूच्या मुख्यतः विरुद्ध बाजूकडून आदेश घेतात, पण कपाळाच्या आणि काही अंशी डोळ्याभोवतीच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश येतात. मेंदूची एक बाजू झटक्याने निकामी झाली तरी दुसरी बाजू कपाळाचे काम निभावते. तोंड वाकडे होते, पण दोन्ही भुवया वर जातात आणि डोळाही बहुधा मिटतो. याउलट बिघाड नसेतच असेल तर दोन्ही बाजूंचे आदेश शेवटी त्याच दबलेल्या नसेतून यायचे असतात, म्हणून कपाळही सपाट राहते. ताईंनी समोर पाहत भुवया वर उचलाव्यात आणि तुम्ही पाहावे. उजव्या बाजूला एकही आठी पडत नसेल तर डॉक्टरांच्या निदानाला ते पोषक आहे. डोळा मिटायला सांगितल्यावर पापणीच्या फटीतून बुबुळ वर सरकून पांढरा भाग दिसेल. ते पाहून घाबरू नये. डोळे मिटताना तुमचे-माझे बुबुळही असेच वर जाते, फक्त पापणीआड असल्याने दिसत नाही.

या नियमाला अपवाद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मस्तिष्कस्तंभातच, या नसेच्या उगमापाशी झटका आला तर कपाळासकट अर्धा चेहरा जाऊ शकतो. पण तिथे ही नस डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालून बाहेर पडते आणि हातापायांकडे जाणारे तंतूही जवळूनच जातात, त्यामुळे डोळा बाहेरच्या बाजूला न वळणे, दुहेरी दिसणे, विरुद्ध बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा तोल जाणे यांपैकी काहीतरी बरोबर असते. म्हणूनच चेहऱ्यासाठी गेलेल्या रुग्णाला डॉक्टर बोटाकडे बघायला, दोन्ही हात समोर धरायला आणि सरळ रेषेत चालायला सांगतात. ती पाच-दहा मिनिटे चांगल्या डॉक्टरांच्या हाती एमआरआयइतकीच बोलकी असतात. यापुढे केव्हाही हात-पाय जड झाला, शब्द अडखळले, दुहेरी दिसले, किंवा पूर्वी कधीच झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर मात्र चर्चा न करता 108 ला फोन करावा. झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तिथे घरचा एक तासाचा खल महाग पडतो.

कपाळासकट अर्धा चेहरा अचानक जाणे आणि तपासणीत दुसरे कोणतेही कारण न सापडणे, यालाच बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदांनी 1821 साली या नसेचे काम दाखवून दिले. दरवर्षी एक लाख लोकांमागे साधारण 15 ते 30 जणांना हा आजार होतो. मधुमेहींना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो अधिक आढळतो. ओठांवर जर उठवणारा नागिणीच्या कुळातला हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू या नसेत पुन्हा सक्रिय होत असावा, या मताला 1996 साली जपानी डॉक्टरांनी नसेच्या आतल्या द्रवात त्याचे अंश शोधून बराच आधार दिला. स्कूटरवरून जाताना कानाला वारा लागला, एसीखाली झोपले, पावसात भिजले, अशी कारणे आपल्याकडे हमखास सांगितली जातात. वाऱ्याने हा आजार होतो असे म्हणायला भक्कम आधार नाही. तेव्हा ताईंनी पंखा लावला म्हणून त्यांना बोल लावू नये.

स्टेरॉइडविषयी माझे मत स्पष्ट आहे: या आजारात ते द्यावे आणि पहिल्या 72 तासांत द्यावे. कारण वर आलेच आहे. हाडाचा बोगदा रुंद करता येत नाही, म्हणून सूज उतरवायची. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या तीन दिवसांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी 83 टक्के रुग्ण तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे 64 टक्के होते. नऊ महिन्यांनंतरचे आकडे अनुक्रमे सुमारे 94 आणि 82 टक्के होते. नुसत्या विषाणूविरोधी औषधाने मात्र त्या अभ्यासात फायदा दिसला नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरे की, औषध न घेताही दहापैकी सात जण पूर्ण बरे होतात. म्हणूनच तेल चोळणाऱ्यापासून दृष्ट काढणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या नावावर यश जमा होते.

मधुमेहात स्टेरॉइडने साखर चढते, विशेषतः दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी. सकाळची उपाशीपोटीची साखर कदाचित बरी दिसेल आणि फसवेल. म्हणून ताईंनी ग्लुकोमीटरने उपाशीपोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी अशी साखर पाहावी, आकडे लिहून ठेवावेत आणि मधुमेहाचे औषध तेवढ्या दिवसांसाठी वाढवायचे का, ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळ्या सकाळी खाल्ल्यावर घ्याव्यात आणि मनाने मधेच बंद करू नयेत. हे झाले सर्वसाधारण उत्तर. साखर फारच बेताबाहेर असेल, पोटात व्रण असेल, क्षयरोगाचे किंवा दुसऱ्या संसर्गाचे औषध चालू असेल, तर हा निर्णय समोर बसलेल्या डॉक्टरांचाच.

मधुमेहाच्या संदर्भात आणखी एका गोष्टीची खात्री करून घ्यावी, आणि ती म्हणजे कान दुर्बिणीने तपासला गेला का. आपल्या दमट हवेत कानाचे संसर्ग फार. मधुमेही रुग्णात बाहेरच्या कानाचा साधा वाटणारा संसर्ग हाडात पसरून ही नस गाठू शकतो. त्यात रात्री झोपू न देणारे कानाचे दुखणे आणि स्राव असतो. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानात हाड कुरतडणारा रोग असेल तर तोही नसेपर्यंत पोहोचतो. या दोन्ही प्रसंगी नुसते स्टेरॉइड देऊन वाट पाहणे धोक्याचे आहे. पहिल्यात जोरदार प्रतिजैविके लागतात, दुसऱ्यात तातडीची शस्त्रक्रिया. कानाखाली पॅरोटिडच्या जागी गाठ हाताला लागते का, अंगावर बधिर चट्टा आहे का, हेही पाहिले जावे. कुष्ठरोगात या नसेची डोळ्याकडे जाणारी शाखा दुखावून फक्त डोळा मिटेनासा होऊ शकतो, आणि तो आजार आपल्या देशातून गेलेला नाही.

एमआरआय सांगितला नाही याचा अर्थ दुर्लक्ष झाले असा नाही. अचानक आलेल्या, कपाळासकट असलेल्या आणि इतर काहीही न सापडलेल्या पाल्सीत पहिल्या दिवशी एमआरआय करून उपचार बदलत नाही, म्हणून तो नेमाने करू नये असेच मार्गदर्शक सूचना सांगतात. मी तो सांगतो ते असे: लुळेपणा दोन-तीन दिवसांत पूर्ण होण्याऐवजी आठवड्यांनी हळूहळू वाढत असेल, चेहऱ्याचा एखादाच भाग गेला असेल, ऐकू कमी येत असेल, गाठ लागत असेल, त्याच बाजूचा चेहरा पुन्हा लुळा पडला असेल, किंवा तीन-चार महिन्यांत हालचालीचा मागमूस दिसत नसेल. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर मात्र थांबूच नये. तो वेगळाच आणि तातडीचा प्रकार आहे.

आता ज्याच्याकडे घरात सर्वांत कमी लक्ष जाते आणि ज्याने कायमचे नुकसान होऊ शकते, त्या डोळ्याकडे वळू. वाकडे तोंड सगळ्यांना दिसते, सुकणारे बुबुळ कुणालाच दिसत नाही. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब जागेपणी दर तास-दोन तासांनी घालावेत आणि मधूनमधून बोटाने पापणी हलकेच मिटून धरावी. रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने बंद करावी. पट्टी लावण्याची रीत महत्त्वाची आहे. ताईंनी खाली पाहावे, दुसऱ्या कुणी बोटाच्या पाठीने वरची पापणी खाली आणून पूर्ण मिटवावी आणि मग कागदी पट्टी पापणीवरून गालाकडे आडवी-तिरपी लावावी. डोळा नीट मिटवण्याआधी त्यावर कापसाची घडी ठेवली, तर आत डोळा उघडतो आणि कापूस रात्रभर बुबुळावर घासत राहतो. बाहेर जाताना मोठा चष्मा हवाच. डिचोलीच्या रस्त्यांवरची खनिजाची लाल धूळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. बरा होईपर्यंत स्वतः स्कूटर चालवूच नये. डोळा लाल झाला, खुपू लागला किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

बरे व्हायला किती दिवस लागतील, हे नस कितपत दुखावली त्यावर ठरते. तंतू अखंड असतील आणि फक्त संदेश थांबला असेल, तर सूज उतरताच दोन-तीन आठवड्यांत ओठाच्या कोपऱ्यात पहिली हालचाल दिसते. बहुतेक रुग्ण याच गटात असतात. तंतू आतून तुटले असतील तर ते नव्याने वाढावे लागतात आणि त्यांची गती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कानाच्या हाडातून ओठापर्यंतचे दहा-बारा सेंटिमीटर अंतर या गतीने कापायला तीन-चार महिने जातात. आमची तीन-चार महिन्यांची मुदत या हिशेबातून आलेली आहे. असे नव्याने वाढलेले तंतू कधी चुकीच्या घरी पोहोचतात. मग डोळा मिटला की ओठाचा कोपरा वर ओढला जातो, किंवा लाळेसाठीचे तंतू अश्रुग्रंथीत गेल्याने जेवताना एका डोळ्यातून पाणी येते. हे झाले तर त्यावर व्यायाम आणि बोटॉक्सची इंजेक्शने असे उपाय आहेत, पण आज त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

व्यायामाबाबत आपल्याकडे उत्साह फार. दिवसभर च्युइंगगम चघळायला सांगतात; चघळण्याचे मुख्य काम पाचव्या नसेचे स्नायू करतात, ज्यांना काही झालेलेच नाही. फुगे फुगवायला सांगतात. त्यात जोर लावताना चांगली बाजू अधिक ओढली जाते आणि तोंड आणखी वाकडे दिसते. विजेच्या मशीनने चेहऱ्याचे स्नायू उडवण्याचा उपचार सर्रास दिला जातो, पण त्याने लवकर बरे वाटते याला चांगला पुरावा नाही आणि चुकीच्या जोडण्या वाढण्याची शंका आहे, म्हणून मी तो सांगत नाही. पहिले दोन-तीन आठवडे हलका मालिश आणि चांगल्या बाजूचा गाल बोटाने धरून शांतपणे बोलणे एवढे पुरे. हालचाल दिसू लागल्यावर आरशासमोर, हळू आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवून भुवई, डोळा, नाक व ओठ यांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. जेवताना गालात घास साठतो आणि कळत नाही, म्हणून पेज किंवा मऊ भात डाव्या बाजूने खावा, काट्याचे मासे तूर्त टाळावेत आणि जेवणानंतर बोट फिरवून गाल साफ करावा.

पुढच्या तपासणीला जाताना चार छायाचित्रे काढून न्यावीत: चेहरा शांत असताना, भुवया उचलून, डोळे घट्ट मिटून आणि दात दाखवून. दर आठवड्याला त्याच खिडकीच्या उजेडात हीच चार घेतली, तर सुधारणा होते आहे की नाही हे घरच्यांच्या अंदाजापेक्षा नेमके कळते आणि डॉक्टरांनाही लुळेपणाची श्रेणी ठरवता येते. तीन आठवड्यांच्या छायाचित्रांत तसूभरही फरक नसेल तर पुढची तारीख येईपर्यंत न थांबता जाऊन भेटावे.